काश्मीरची सहा रात्रींची हिवाळी सहल : बुकिंग चोख, आखणी कच्ची

जानेवारीच्या उत्तरार्धात मी, माझे पती, दहा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे सहा रात्रींसाठी काश्मीरला जाऊन आलो. पन्नास जणांच्या घोळक्यात फिरायचे नसल्यामुळे केवळ आपल्या कुटुंबापुरती सहल आखून देणाऱ्या एका कंपनीकडे आम्ही हे काम सोपवले होते. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. कंपनीचे नाव मात्र देत नाही, कारण परतल्यावर ओळखीच्या तीन-चार जणांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे कार्यक्रम मागवून पाहिले, तेव्हा त्या सर्वांत तीच चूक जवळजवळ त्याच क्रमाने केलेली आढळली.

आधी चांगले सांगते, कारण तेही खरे आहे. आरक्षणाच्या बाबतीत या मंडळींनी कोठेही ढिलाई केली नाही. गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, तिकिटे तारखेनुसार मर्यादित संख्येने ऑनलाइन मिळतात आणि हंगामात ती लवकर संपतात. आमची तिकिटे ओळखपत्रावरील नावांशी अक्षर न अक्षर जुळवून वेळेत काढलेली होती. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, ही गोष्ट त्यांनी निघण्यापूर्वी दोन वेळा कळवली, म्हणून किमान एक पोस्टपेड क्रमांक आमच्या हाती राहिला. हॉटेलेही बरी निवडली होती. श्रीनगरला आमच्याबरोबर दिलेला चालक तर इतका जाणता होता की, कार्यक्रम कंपनीऐवजी त्यानेच आखला असता तर मला हे सारे लिहावेच लागले नसते.

आता मुद्द्याकडे वळते. कार्यक्रम असा होता : दोन रात्री श्रीनगर, एक रात्र गुलमर्ग, दोन रात्री पहलगाम, पुन्हा एक रात्र श्रीनगर आणि सातव्या दिवशी सकाळी परतीचे विमान. कागदावर हा आराखडा अतिशय देखणा दिसतो, एकही तास वाया जात नाही. आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. बर्फाळ प्रदेशात कोणता ना कोणता दिवस हातचा जाणार, हे गृहीत धरूनच बाकीचे दिवस मांडावे लागतात. आमच्या सहा रात्रींत असा एकही दिवस नव्हता की जो बिघडला असता तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी झाली असती.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘बर्फाची हमी’ असे छापलेले होते, आणि आम्हीही त्याला भुललो हे कबूल केले पाहिजे. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी प्रक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी प्रणालींवर, अवलंबून असतो. ते आले तर एका रात्रीत कंबरभर बर्फ पडतो, आणि रेंगाळले तर आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बहुतेक काळ गुलमर्गचे मैदान तपकिरी, उघडे पडले होते आणि भरघोस बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. स्पर्धांच्या आयोजकांना ज्याची खात्री देता आली नाही, त्याची हमी सहल विकणारी कंपनी कशाच्या बळावर देते, हा प्रश्न आम्ही पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवा होता. काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलान म्हणतात, तो कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळच मुळी २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत सर्वाधिक गर्दी आणि सर्वाधिक भाडे असते, पण गावातल्या बर्फाचा भरवसा मात्र फेब्रुवारीइतका नसतो.

हमीच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट गुलमर्गमध्ये आहे, ती म्हणजे उंची. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा सुमारे ३,०८० मीटरवरील कोंगडूरीला नेतो, आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा, ज्याला तिथे सगळे फेज टू म्हणतात, अफरवत डोंगराच्या उतारावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचवतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते हे धरले, तर वरच्या स्थानकावर गावापेक्षा आठेक अंश अधिक थंडी असते, आणि खाली बर्फ विरळ असला तरी वर तो सहसा सापडतो. पण याच उंचीमुळे वरचा टप्पा वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. वारा वाढला की तो बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

आमच्या बाबतीत तसेच घडले. श्रीनगरहून निघून, टंगमर्गला थांबून, गावात पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. तिकिटे दुपारची होती आणि फेज टू सकाळपासून बंद. पहिल्या टप्प्याने कोंगडूरीपर्यंत गेलो. तिथेही बर्फ पुष्कळ होता, मुलगी खूश होती, तक्रार करण्यासारखे काही नव्हते. खरी चुटपुट दुसऱ्या दिवशी लागली. सकाळी आकाश इतके स्वच्छ होते की अफरवतची कड निळ्या कागदावर कात्रीने कापून ठेवावी तशी दिसत होती, वारा पडलेला होता, वरचा टप्पा सुरू झाल्याचे हॉटेलातल्या मुलाने चहा देतानाच सांगितले. आणि आमच्या कार्यक्रमात मात्र ‘सकाळी ९ वाजता पहलगामकडे प्रयाण’ असे लिहिलेले होते. मी कंपनीच्या समन्वयकाला फोन करून पहलगामची एक रात्र कमी करून येथे एक वाढवता येईल का, असे विचारले. त्यावर हॉटेलचे पैसे दोन्हीकडे भरावे लागतील, हे उत्तर मिळाले. ते समजण्यासारखे होते. पण गुलमर्गला एकच रात्र का ठेवली, या प्रश्नाला ‘सगळे एकच ठेवतात, मॅडम’ यापलीकडे उत्तर नव्हते. गाडी उतरणीला लागली तेव्हा मुलगी मागच्या काचेतून वर सरकणारे ठिपक्याएवढे डबे मोजत होती.

टंगमर्गचा उल्लेख आला म्हणून तिथला प्रकार सांगते. गुलमर्गच्या अलीकडे १३ किलोमीटरवर हे गाव आहे आणि बर्फ पडलेला असेल तर तेथून पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्याच सोडतात. आमची गाडी अर्थातच तेथे थांबली. पुढच्या गाडीचे भाडे प्रवाशांनी द्यायचे, हे कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. म्हणजे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, पण जानेवारीत जे हमखास घडणार आहे, ते अपवाद म्हणून शेवटच्या पानावर टाकणे हा प्रामाणिकपणाही नव्हे.

टंगमर्गलाच ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. कपड्यांबाबत कंपनीने पाठवलेल्या यादीत ‘गरम कपडे, टोपी, मोजे’ एवढेच होते आणि ‘बूट तिथे भाड्याने मिळतील’ अशी पुस्ती जोडलेली होती. बूट मिळाले, पण त्यांत आधीच्या गिऱ्हाईकाचा ओलावा तसाच होता. सासूबाईंनी सुती मोज्यांवर ते चढवले. अर्ध्या तासाने कोंगडूरीच्या बाकावर बूट काढून पाहिले, तर मोज्याचा पुढचा भाग पिळता येईल इतका भिजलेला आणि बोटांची टोके पांढरीफटक पडलेली. ओला सुती कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, तर लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. हे एक वाक्य त्या यादीत असते तर लोकरी मोज्यांचे दोन जोड आम्ही सहज घेतले असते. पिशवीत एक कोरडा जोड होता आणि शेजारच्या चहावाल्याने न मागता आपली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची हातशेगडी, त्यांच्या पायांपाशी सरकवली. ‘माँजी, पैर एकदम पास मत रखना’ असेही बजावले, कारण बधिर बोटांना चटका बसलेला कळत नाही. दहा मिनिटांनी बोटांत मुंग्या आल्या आणि रंग परतला. यादीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे गडद चष्मा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून असे दोन्हीकडून लागते. आमच्या मुलीचे डोळे संध्याकाळी लालभडक होऊन चुरचुरत होते.

त्याहून गंभीर उणीव उंचीबाबतची होती. कंपनीने चौघांचीही फेज टूची तिकिटे काढली होती, सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे हे अर्जात लिहूनही. ३,९५० मीटरवर प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ-बासष्ट टक्केच असतो आणि गोंडोला तिथवर फार थोड्या वेळात नेऊन सोडतो. शरीराला सवय व्हायला वावच मिळत नाही. वारा नसता तर त्या वर गेल्या असत्या. एरवी ज्या वाऱ्याला मी दिवसभर बोल लावला, त्याचे या एका बाबतीत आभार मानले पाहिजेत.

पहलगामबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. मुक्काम निवांत झाला, लिद्दर नदीच्या काठचे गोठलेले दगड पाहिले, वीज दोनदा गेली, आणि बुखारीमुळे, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीमुळे, खोली उबदार राहिली. विजेवर चालणाऱ्या ब्लँकेटवर भरवसा ठेवू नये, खोलीत लाकडावरची बुखारी किंवा तापवलेल्या जमिनीचा हमाम आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या कंपनीने हे न सांगता पाहिले होते, त्याचे श्रेय तिला देते.

शेवटची रात्र श्रीनगरला. रात्री बर्फ सुरू झाला आणि सकाळी उड्डाणे रद्द होत गेली. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास विमान कंपनी तिकिटाचे पैसे परत करते किंवा दुसऱ्या उड्डाणात जागा देते. नुकसानभरपाई मात्र देय नसते, आणि दरम्यानचा मुक्काम आपला आपण पाहायचा असतो. आम्हाला तिसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. समन्वयकाने त्याच हॉटेलात खोली वाढवून दिली, अर्थात त्या दिवशीच्या भाड्याने, आणि मी त्रासून बोलल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, बर्फ तर तुम्हालाच हवा होता ना?’ राग आला, पण हसूही आले. माझे पती दुसऱ्या दिवशी कामावर हजर होणार होते. मुलीची चाचणी बुडाली. परतीनंतर एक-दोन दिवस रजा शिल्लक ठेवा, असे आम्हाला कोणीही सुचवले नव्हते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वे सुरू झालेली आहे आणि सुमारे तीन तासांत ती खोऱ्याबाहेर पोहोचवते, हा पर्यायही कंपनीने सुचवला नाही. आमच्या चालकाने सुचवला, तोवर विमानाची जागा पक्की झाली होती.

या सर्वांवरून सेवा घ्यावी की नाही, असे विचाराल तर माझे उत्तर असे : खोल्या, तिकिटे आणि गाडी यांसाठी घ्यावी, पण दिवसांची मांडणी स्वतः करून त्यांच्या हाती द्यावी. गुलमर्गला किमान तीन रात्री मागाव्यात, गोंडोलाची तिकिटे मधल्या दिवसाची घ्यावीत आणि तिसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. त्यासाठी पहलगाम सोडावे लागले तर खुशाल सोडावे. हिवाळ्यात दिवस लहान असतो, जानेवारीत साडेपाच ते सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि संध्याकाळनंतर बर्फाळ रस्त्यावर कोणीही शहाणा चालक घाई करत नाही, त्यामुळे एका सहलीत दोन डोंगरी मुक्काम बसवणे म्हणजे निम्मा वेळ काचेआडून पाहणे. परतीच्या आधीच्या दोन रात्री श्रीनगरला असाव्यात. टंगमर्गच्या पुढची गाडी, गमबूट आणि रद्द विमानामुळे वाढलेला मुक्काम यांचे पैसे कोण देणार, हे लेखी विचारावे. निघण्याच्या आठवड्यात श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज आणि प्रशासनाचे हिमस्खलनाचे इशारे रोज पाहावेत, आणि ‘तिथे गेल्यावर बघू’ असे सांगणाऱ्याकडून किमान आगाऊ रक्कम थोडी कमी करून घ्यावी. आम्ही अर्धी रक्कम आधी भरली होती आणि उरलेली निघण्यापूर्वी, त्यामुळे तक्रार करताना आमच्या हाती फोनखेरीज काहीच नव्हते.

घरी परतल्यावर चार दिवसांनी कंपनीकडून अभिप्रायाचा अर्ज आला. त्यात हॉटेलची स्वच्छता, चालकाची वागणूक, जेवणाची चव अशा रकान्यांनंतर शेवटचा प्रश्न होता, ‘बर्फ मिळाला का? होय / नाही’. मी ‘होय’वर खूण केली. खाली लिहायला जागा सोडलेली नव्हती.