रायडर-वेट की मार्सेय? टॅरोचा पहिला कॅट घेताना

टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न कॅट कुठला घ्यायचा, आणि कोल्हापुरात कुणालाही विचारलं तरी उत्तर बहुतेक एकच मिळतं: रायडर-वेट. ते चुकीचं नाही. पण मार्सेय हा दुसरा, जुना फ्रेंच पर्याय आपल्याकडे कुणी फारसा दाखवतच नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू. 22 मोठे पत्ते (वेडा, न्याय, बळ असे) आणि 56 छोटे (तलवारी, काठ्या, प्याले, नाणी या चार रंगांचे, प्रत्येकात एक्का ते दश्शी आणि चार दरबारी पत्ते), हे दोन्हीकडे सारखंच आहे.

खरा फरक आहे तो एक्का ते दश्शी या 40 पत्त्यांत. रायडर-वेट 1909 मध्ये लंडनला निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यातल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या पत्त्यावर प्रसंग रंगवला. मार्सेयमध्ये नुसत्या खुणा मांडलेल्या असतात: सहा नाणी, आठ प्याले, बाकी वेलबुट्टी. आजचे बरेच मार्सेय कॅट निकोला कॉनव्हेर यांच्या 1760 च्या छापावर बेतलेले आहेत. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, ज्यांनी हातात घेतलाय त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. तिथंही राजा-वजीर सोडले तर पानावर खुणाच. साम्य आणखी खोल आहे. गंजिफ्यात निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते, निम्म्यांत एक्का. टॅरोच्या जुन्या डावातही तलवारी आणि काठ्यांत दश्शी मोठी, प्याले आणि नाण्यांत एक्का मोठा. टॅरो हा मुळात 15 व्या शतकातल्या उत्तर इटलीतला खेळच. भविष्य बघायला त्याचा सर्रास वापर सुरू झाला तो 18 व्या शतकात.

शिकायला रायडर-वेट सोपा, यात वाद नाही. दहा काठ्या कवटाळून वाकून चाललेला माणूस दिसला की उसाची मोळी उचललेला तोडकरी डोळ्यांसमोर येतो आणि अर्थ पाठ करावा लागत नाही. पुस्तकं, व्हिडिओ, क्लास सगळं याच कॅटवर चालतं. मार्सेय मागवावाच लागतो आणि मराठीत त्यावर फारच थोडं सापडतं.

माझं पारडं फिरवलं ते एका गोष्टीनं: रायडर-वेटचं चित्र समोरचा माणूस आपल्याआधी वाचतो. जमिनीच्या वाटणीचा प्रश्न घेऊन कुणी बसलंय आणि तलवारींची दश्शी आली. पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी, वर काळं आभाळ. "म्हंजे संपलंच म्हणायचं?" हे आलंच. मग दश्शी म्हणजे त्या रंगाचा शेवट, क्षितिजावर पिवळा उजेड आहे तो बघा, अशी समजूत घालण्यात निम्मी बैठक जाते आणि वाटणी राहते बाजूला. तिर्रीचंही तेच: लाल हृदयात तीन तलवारी, मागं पाऊस. प्रश्न नोकरी बदलण्याचा असला तरी बोलणं प्रेमभंगाकडं घसरतं. चित्र एका अर्थाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की प्रश्नच त्याच्याकडं ओढावा लागतो.

मार्सेयमधली तलवारींची तिर्री म्हणजे दोन वाकड्या तलवारींची कमान आणि मधून गेलेली एक सरळ तलवार. नोकरीच्या प्रश्नात ती दोन मतांच्या मधून निघालेला एक स्पष्ट निर्णय असते, वाटणीच्या प्रश्नात मध्ये पडलेला तिसरा माणूस. दश्शीत कमानीच्या आत दोन सरळ तलवारी एकमेकींना छेदतात: ताण टोकाला गेलाय, दोन्ही बाजू अडून बसल्यात. समोरचा घाबरत नाही, बोलायला लागतो. भीतिदायक पत्ते इथंही आहेत. तेराव्या पत्त्यावर हाडांचा सापळा आहेच, फक्त त्यावर नाव छापलेलं नसतं, तर रायडर-वेटवर मोठ्या अक्षरात 'डेथ' लिहिलेलं असतं.

मार्सेय वाचायचा तो अंक, रंग आणि शेजार यांवरून. नाणी म्हणजे पैसा, जमीन, शरीर; प्याले म्हणजे नाती; तलवारी म्हणजे विचार, बोलणं, तंटा; काठ्या म्हणजे काम आणि अंगातला जोर. अंकांत एक्का सुरुवात, चव्वी स्थैर्य, पंजी त्या स्थैर्याला गेलेला तडा. मोठ्या पत्त्यांत कोण कुठं बघतो ते धरायचं. मार्सेयचा 'वेडा' उजवीकडं चाललेला असतो, म्हणून त्याच्या उजव्या हाताला पडलेला पत्ता हे त्याचं ठिकाण. तो ओळीत शेवटी आला तर उजवीकडं आणखी एक पत्ता ठेवायचा. रायडर-वेटचा वेडा डावीकडं तोंड करून आहे, त्यामुळं ही रीत तिथं जशीच्या तशी चालत नाही.

मार्सेयमध्ये अडखळायला होतं ते असं. आकडे जुन्या रोमन पद्धतीचे, चार म्हणजे चार उभ्या रेघा आणि नऊ म्हणजे व्हीपुढं चार रेघा. नाण्यांवर तर आकडाच नाही, मोजावी लागतात. तलवारी आणि काठ्यांची गल्लत होते. वाकड्या त्या तलवारी, सरळ फुलीसारख्या त्या काठ्या. बरेच छोटे पत्ते उलटे पडले तरी तसेच दिसतात, म्हणून उलट्या पत्त्यांचा अर्थ लावायची सवय सोडावी लागते. शिवाय वेट यांनी 'न्याय' आणि 'बळ' यांची अदलाबदल केली. मार्सेयमध्ये न्याय 8 आणि बळ 11, तिकडं उलट. एका कॅटचं पुस्तक दुसऱ्यावर वापरलं की इथं हमखास गोंधळ होतो.

कुठलाही घेतलात तरी पाठीचं नक्षीकाम दोन्ही बाजूंनी सारखं आहे का आणि कडा एकसारख्या कापल्यात का ते बघा, नाहीतर पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पत्ते वाकतात. डबीत घट्ट दाबून ठेवावेत.

स्वतःपुरतं वाचायचं असेल किंवा चार जणांच्या क्लासला बसायचं असेल, तर रायडर-वेट घेतलेला बरा. दुसऱ्यांसाठी वाचायचं असेल तर मार्सेयचा विचार जरूर करा. घरी रायडर-वेट आधीच असेल तर पैसे घालायच्या आधी एक करून बघता येतं. त्यातले 22 मोठे पत्ते वेगळे काढा. साध्या पत्त्यांच्या कॅटमधून एक्का ते दश्शी असे 40 घ्या: बदाम म्हणजे प्याले, इस्पिक तलवारी, चौकट नाणी, किलवर काठ्या. दोन्ही गठ्ठे वेगवेगळे पिसा, मध्ये एक मोठा पत्ता ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक साधा. महिनाभर असं वाचून प्रश्नाचं उत्तर सापडत गेलं, तर मार्सेय मागवायला हरकत नाही.