हळदीच्या पाकिटावर 'यात्रा वन': एका हंगामाचा अनुभव

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या पाकिटांवर 'यात्रा वन' फाँट लावून हंगाम उलटला. वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं नाव गुळगुळीत टायपात पाहवत नव्हतं, म्हणून हा निवडला. कॅथरिन ली श्मिट यांनी तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, फुकट मिळतो, विकायच्या मालावर छापायलाही मुभा आहे. हे तुम्हाला ठाऊक असेलच, तेव्हा थेट तक्रारीवर येते.

याला वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच. बोल्ड नाही! मागच्या खेपेला तालुक्याच्या प्रिंटरने न विचारता बोल्डचं बटण दाबलं. खरा बोल्ड नसला की सॉफ्टवेअर अक्षराला चहूकडून सारखीच कड चढवतं. जाड रेघ फुगते, बारीकही फुगते, आणि ब्रशचा फराटा मरतो. आमच्या स्टिकरवर 'ळ'ची दोन्ही पोटं बुजली, 'ह'ची शेपटी वरच्या वळणाला चिकटली. लांबून 'हळद' म्हणजे नुसता काळा डाग. परत छापून मागितलं तर म्हणे, "वाचता तं येते ना ताई!" पैसे पूर्ण घेतले. हळद शिजवून, वाळवून, दळून गटाला उरतं किती, अन् त्यातून हा भुर्दंड. अजूनही राग जात नाही.

तेव्हा हा फाँट काढूनच टाकणार होते. 'कलम' हा दुसरा फाँट लावून पाहिला. त्यात लाइट, रेग्युलर, बोल्ड तिन्ही आहेत, पण ते वहीतलं अक्षर. बैठकीच्या सूचनेला छान, पाकिटावर भरत नाही. मग इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हळकुंडाचं चित्र लहान केलं आणि त्या जागेत 'यात्रा'तलंच नाव मोठं केलं, जाडी न चढवता. तिथे मत फिरलं. शिरोरेघ ठाम, 'द'चा शेवट ब्रश उचलल्यासारखा सुटलेला. खाली इंग्रजीत नाव आहे, त्या अक्षरांनाही देवनागरीचाच कल दिलाय, त्यामुळे ते उपरं वाटत नाही. हिंगणघाटच्या बाजारात पाकीट आता दुरून वाचता येतं.

मालाचं वजन, किंमत, 14 आकडी अन्न परवाना क्रमांक यांना मात्र हा लावू नका, बारीक आकारात गचपण होतं. तिथे 'मुक्ता' फाँट घ्या, त्याची अक्षरांची 7 वजनं आहेत. आणि प्रिंटरला फाइल देण्याआधी अक्षरांचे पाथ करा, म्हणजे अक्षरं चित्रासारखे आकार बनवून टाका. मग त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी जागची हलत नाही, अन् बोल्डचं बटण दाबून काही होत नाही.

तरी जाड वजन हवंच. पोळ्याच्या फ्लेक्सवर, कापसाच्या भावाच्या फळ्यावर ते शोभेल. फाँटच्या परवान्यात तो बदलून पुढे वाटायची सोय आहे, तेव्हा टाइप शिकणाऱ्या कोणी हे मनावर घ्यावं. आमचा गट वर्गणी द्यायला तयार आहे.