घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली: सिंगल-ॲक्शन पिस्तूल आठ महिने कमरेला लावल्यानंतर

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बातम्यांत ‘घोडा दाबला’ असं छापून येतं तेव्हा त्यांना चाप म्हणायचं असतं. इथे घोडा म्हणजे मागचा हॅमर आणि चाप म्हणजे बोटाखालचा ट्रिगर. सिंगल-ॲक्शनमध्ये हा फरक पाळावाच लागतो, कारण चाप इथे एकच काम करतो: चढवलेला घोडा सोडून देणं. घोडा चढवायचं काम स्लाइडने (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) किंवा अंगठ्याने आधीच झालेलं असावं लागतं.

पिस्तूल १९११ पद्धतीचं (‘१९११’ हे या जुन्या रचनेचं नाव), .४५ एसीपी काडतुसाचं, सव्वाचार इंची नळी आणि ॲल्युमिनियमची फ्रेम. रिकामं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. पाच इंची, पूर्ण पोलादी मॉडेल रिकामंच १.१ किलो भरतं आणि आठ काडतुसं भरली की पावणेतेराशे ग्रॅमपर्यंत जातं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, दिवसभर बसून-उठून झालं की कंबर तो बरोबर सांगते. या रचनेची खरी कमाई मात्र वजनात नाही, जाडीत आहे. काडतुसं एकाच रांगेत असल्यामुळे मूठ सडपातळ, आणि स्लाइडही जेमतेम २३ मिलिमीटर जाड. शर्टाखाली फुगवटा दिसतो तो मुठीच्या टोकाचा, नळीचा नाही. त्यामुळे लपवायचं असेल तर नळी आखूड करण्यापेक्षा मूठ आखूड केलेली जास्त उपयोगी पडते.

आता मुख्य प्रश्न: घोडा चढवलेला ठेवून फिरायचं का? अमेरिकन पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी या अवस्थांना क्रमांक दिले, ते आजही चालतात. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) काडतूस, घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली ही पहिली अवस्था. काडतूस आत पण घोडा उतरवलेला ही दुसरी. चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं ही तिसरी. पाहणाऱ्याला पहिली सगळ्यात भयंकर दिसते, पण ही रचना वापरायची ती त्याच अवस्थेत. दुसरीत जायचं तर भरलेल्या चेंबरवर चाप ओढून घोडा अंगठ्याने हळूच खाली आणावा लागतो. घामट अंगठा एकदा निसटला की गोळी सुटलीच. शिवाय अंगठ्याची सेफ्टी घोडा उतरलेला असताना लागतच नाही. तिसरी अवस्था सुरक्षित, पण स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि अंगावर कोणी आलं असताना एक हात त्याला अडवण्यात गुंतलेला असतो. अर्ध्या घोड्याची खाच ही घोडा चुकून सुटला तर त्याला झेलण्यासाठी आहे. त्या खाचेवर ठेवून फिरू नये.

पहिल्या अवस्थेत तीन अडसर असतात: अंगठ्याची सेफ्टी सिअर (चढवलेला घोडा धरून ठेवणारा तुकडा) आणि घोडा अडवते, मुठीच्या पाठीवरची सेफ्टी तळव्याने दाबलेली नसेल तर चाप अडवते आणि होल्स्टर चापापर्यंत काही पोचू देत नाही. १९८३ पासूनच्या कोल्टच्या सिरीज ८० मध्ये चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) पुढे जाऊ न देणारा ब्लॉकही आला. काही पिस्तुलांत त्याऐवजी हलकी टायटॅनियमची पिन आणि कडक स्प्रिंग असते. आपल्या पिस्तुलात काय आहे ते उघडून पाहून घ्यावं. पिस्तूल हातातून सुटून नळीच्या तोंडावर आपटलं तर काय होईल याचं उत्तर तिथेच असतं.

चापाबद्दल सगळेच बोलतात आणि ते खरंही आहे. जेमतेम दोन किलोचा दाब, प्रवास एखाद्या मिलिमीटरचा. डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप (तिथे घोडाही तोच चढवतो) साडेचार-पाच किलोंवर ओढावा लागतो, त्या हिशेबाने हा लोण्यासारखा. गोळ्या जवळजवळ पडतात, यात वाद नाही. पण हाच गुण उलटतोही. घाबरलेल्या हाताला एवढा दाब कळतसुद्धा नाही. म्हणून आठ महिन्यांनंतरचं मत असं: या पिस्तुलाचं कौतुक बोटासाठी करतात, पण ते कमरेला लावायची लायकी अंगठ्याची असते. अंगठ्याला सवय लागलेली नसेल तर हा चाप आपल्या कामाचा नाही.

ती सवय अशी बसवायची. होल्स्टरमध्ये असतानाच पूर्ण पकड घ्यायची, अंगठा आणि तर्जनीमधली खाच मुठीवर जितकी वर जाईल तितकी वर. पिस्तूल बाहेर आलं, नळी लक्ष्याकडे वळली, दोन्ही हात एकत्र आले की मगच अंगठ्याने सेफ्टी खाली. बोट तोवर फ्रेमवर सरळ. सेफ्टी खाली गेल्यावर अंगठा तिच्यावरच ठेवायचा. खाली ठेवला तर धक्क्यात अंगठा लागून सेफ्टी परत वर चढू शकते. परतीचा क्रम उलटा: बोट बाहेर, सेफ्टी वर, आजूबाजूला नजर, मग होल्स्टर. पिस्तूल आत सरकवताना अंगठा घोड्याच्या मागे टेकवावा. दोन फायदे होतात: घोडा हलला तर अंगठ्याला लगेच कळतं आणि तळवा मुठीवरून सुटल्यामुळे मुठीची सेफ्टीही आपोआप लागते. आणि डोळ्यांनी पाहून आत घालायचं. शर्टाची किनार चापाच्या कड्यात अडकून गोळी सुटल्याची उदाहरणं याच क्षणाची असतात. पिस्तूल काढण्याची घाई समजते, ठेवण्याची कधीच नाही.

कोरडा सराव, म्हणजे गोळीशिवायचा, रोज दहा मिनिटं पुरतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा पाहून आणि बोट घालून तपासलेलं, समोर गोळी अडवणारी भिंत. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नये. घोडा आणि सिअर जिथे एकमेकांना धरतात त्या धारा त्याने मार खातात. हाताने धरून पुढे न्यावी.

मुठीच्या सेफ्टीची एक तक्रार खरी आहे. अंगठा उंच ठेवला की काही हातांचा तळवा तिच्यापासून उचलला जातो, चाप ओढला तरी काहीच होत नाही. खाली उंचवटा असलेली सेफ्टी बसवली की हे बहुतेक वेळा मिटतं. सेफ्टीला रबरबँड किंवा टेप लावून कायमची दाबून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

दोन्ही बाजूंना लिव्हर असलेली सेफ्टी सोयीची वाटते, कमरेला ती त्रास देते. उजव्या कमरेला लावलं की उजवा लिव्हर बाहेरच्या बाजूला येतो. खुर्चीचा हात, गाडीचा सीटबेल्ट, खांद्यावरची पिशवी, काहीही त्याला घासून खाली ढकलतं. दिवसाअखेर सेफ्टी उतरलेली सापडली तर दोष इथेच शोधावा. उजव्या हाताने वापरणाऱ्याला डावीकडचा एकच लिव्हर पुरतो.

होल्स्टरने चापाचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे आणि पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड मिटता कामा नये. चामडं अंगाला मऊ लागतं, पण वर्ष-सहा महिन्यांत त्याची वरची कड लुळी पडून आत दुमडते. कायडेक्स हे कडक प्लॅस्टिक दुमडत नाही, टोचतं मात्र. घोडा आणि स्लाइडच्या मधून जाणारा चामडी पट्टा म्हणजे आणखी एक सेफ्टी, असं समजू नये. कमरेचा पट्टा ३८ मिलिमीटर रुंद आणि ताठ हवा, साध्या पट्ट्यावर मूठ बाहेर झुकते आणि सगळं उघडं पडतं.

घाम हा या पिस्तुलाचा खरा शत्रू. काळा मुलामा दिलेल्या साध्या पोलादावर गंज आधी दिसतो तो सेफ्टीच्या लिव्हरखाली, ग्रिपच्या पट्ट्यांमागे आणि मुठीच्या पाठीच्या जाळीत. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा ग्रिप काढून पुसाव्यात. स्क्रू बसवताना जोर लावू नये, फ्रेममधले बुशिंग फिरून निघतात. घोड्याच्या मागच्या फटीत कपड्यांचा लिंट साचतो, जुना टूथब्रश त्याला पुरे. तेल अंगाच्या उबेने पातळ होऊन ओघळतं, म्हणून पंधरवड्याला एकेक थेंब स्लाइडच्या दोन्ही रेल्सवर, नळीच्या वरच्या कडेला आणि डिसकनेक्टरवर (चाप आणि सिअर यांना जोडणारा-तोडणारा तुकडा). फायरिंग पिनच्या भोकात तेल नको. तिथे ते धूळ धरून चिकट होतं आणि पिन मंदावते.

आता बिघाड. मॅगझिनपासून सुरुवात करावी, कारण बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो. गोळीचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) खाली टेकून अडकलं तर मॅगझिनच्या ओठांची वाकणूक आणि स्प्रिंग पाहावी. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तरीही आधी तीच स्प्रिंग. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला आकडा लिहून ठेवला की गुन्हेगार दोन आठवड्यांत सापडतो. सात गोळ्यांच्या जागेत आठ कोंबणाऱ्या मॅगझिनांची स्प्रिंग लवकर थकते. अंगावर वापरायला सातचीच बरी.

रिकामी पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी अडकली तर आधी पकड ढिली होती का ते पाहावं, मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा. इथे तो आतला, एकाच लांब पोलादी तुकड्याचा, स्वतःच स्प्रिंगचं काम करणारा. स्लाइड उतरवून डमी काडतूस त्याच्या नखाखाली सरकवावं आणि स्लाइड हळू हलवावी. काडतूस टिकलं पाहिजे, पण बोटाने सहज निघालंही पाहिजे. लगेच पडलं तर ताण कमी, निघता निघेना तर जास्त, आणि जास्त ताण असला की स्लाइड पूर्ण बंद होण्याआधी अडते. हा ताण बिघडवण्याचा हमखास मार्ग म्हणजे चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून त्यावर स्लाइड सोडणं. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चढू द्यावं.

त्याला जोडून दुसरी गोष्ट. रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चढवलं की रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. त्याच पाकिटातल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहावं. डोळ्याला आखूड दिसलं तर ते बाद. रिकामं करताना आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड. हा क्रम चुकला की वरचं काडतूस परत चेंबरमध्ये जातं. या पिस्तुलात सेफ्टी लावली की स्लाइडही अडते, त्यामुळे रिकामं करायला सेफ्टी उतरवावीच लागते. त्या वेळी नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे, याकडेच सगळं लक्ष. सिगच्या पी२३८ सारख्या काही छोट्या सिंगल-ॲक्शनमध्ये सेफ्टी लावूनही स्लाइड ओढता येते. नव्याने घेणाऱ्याने हा मुद्दा तपासावा.

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) पाच इंचीला साधारण १६ पौंडांची, सव्वाचार इंचीला १८ची. मोठ्या पिस्तुलात दोन-तीन हजार फैरींनंतर बदलावी, नळी जितकी आखूड तितकी लवकर.

महिन्यातून एकदा करायची तपासणी, पिस्तूल पूर्ण रिकामं करून. घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा आणि सोडा. सेफ्टी उतरवा आणि पिस्तूल कानाजवळ नेऊन घोडा अंगठ्याने केसभर मागे ओढा. बारीकसा ‘टिक’ ऐकू आला तर सेफ्टी असूनही सिअर जागचा हलला होता, आणि ते पिस्तूल कमरेला नाही, कारागिराकडे जायला हवं. मग मुठीची सेफ्टी न दाबता चाप ओढून पाहा, घोडा पडता कामा नये. शेवटी डाव्या बाजूच्या प्लंजर ट्यूबला (सेफ्टीला जागेवर धरणारी स्प्रिंग जिच्यात असते ती नळी) नख लावून हलवून पाहा. ती सैल झाली तर सेफ्टी नीट बसत नाही किंवा ऐन वेळी उतरतच नाही. चाप आणखी हलका करायला घरी कानस घेऊन घोड्याच्या खाचा घासणाऱ्यांनी ही टिकची परीक्षा दोनदा करावी.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी थोडक्यात. १८७३ च्या कोल्टच्या जुन्या रचनेत घोड्याची पिन थेट प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टिकली) टेकते, म्हणून सहापैकी पाचच भरायच्या: एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवून हळू उतरवा, तो रिकाम्या खान्यावर येतो. रुगरच्या १९७३ नंतरच्या नव्या मॉडेलांत ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच घोड्याचा मार पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) असल्यामुळे सहाही भरता येतात. पण बाजूच्या छोट्या झडपेतून, गेटमधून, एकेक पुंगळी काढून एकेक गोळी भरायची. पहिल्या पाच-सहांत काम झालं नाही तर पुढचं भरायला वेळ मिळेल, हे गृहीत धरू नये.

अंगावर ठेवायच्या काडतुसांच्या दोनशे फैरी अडथळ्याशिवाय होईपर्यंत पिस्तूल घरीच ठेवलं होतं. पहिल्या शंभरात दोनदा अडलं, दोन्ही वेळा मॅगझिन क्रमांक ३. ते आता फक्त सरावाच्या पिशवीत असतं.