टेट्रिस, माइनस्वीपर आणि सोकोबान: सात महिने रोज खेळल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, मी गेमर वगैरे नाही, घरी भारीतला पीसी नाही, लाल-निळे लाइट मारणारा कीबोर्ड तर नाहीच. भिवंडीला एका गोदामात डिस्पॅच बघतो आणि ह्या कामात गाडी लागेपर्यंत जो वेळ जातो त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते. गाडी मानकोलीला अडकलेली असते, ड्रायव्हर फोनवर म्हणतो दहा मिनिटात पोचतो, आणि ती दहा मिनिटं दीड तास चालतात. त्यात रील्स बघून बघून डोकं बधिर व्हायला लागलं म्हणून जूनमध्ये ठरवलं की आता हे बंद, तीन जुने पझल गेम घ्यायचे आणि गाडी येईपर्यंत तेच खेळायचे. आता जानेवारी संपत आलाय. काय टिकलं, काय सुटलं ते लिहितो.

टेट्रिसपासून सुरुवात केली कारण तो लहानपणापासून ओळखीचा. जत्रेत मिळायचा तो ब्रिक गेम आठवतो का, राखाडी स्क्रीनचा, खोक्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत खरे गेम बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळे त्याचेच वेगवेगळे स्पीड. त्यावर आम्ही भावंडं पाळी लावून खेळायचो आणि उभ्या लांब तुकड्याला 'काठी' म्हणायचो. हा गेम मुळात १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव ह्या माणसाने बनवला, तोही इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या अशा मशीनवर ज्यात ग्राफिक्सच नव्हते, म्हणून त्याने तुकडे चक्क कंसाच्या चिन्हांनी काढले. सात आकार, दहा रकाने, वीस ओळी, संपलं. चाळीस वर्षांत त्यात मुद्दाम घालावं असं फारसं काही कोणाला सापडलेलं नाही.

पण जुना टेट्रिस आणि नवा टेट्रिस ह्यात एक फरक आहे जो मला चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळला, आणि कळल्यावर जरा अपमानच झाला. जुन्या निन्टेंडोच्या टेट्रिसमध्ये पुढचा तुकडा जवळजवळ फासे टाकल्यासारखाच यायचा, काठी रुसली की रुसली, तीस-चाळीस तुकडे दर्शन नाही, आणि आपण हरलो की बिनधास्त म्हणायचं 'काठीच आली नाही रे'. नव्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे एका पिशवीत घालून ढवळतात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा सात. म्हणजे दोन काठ्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा दुसरे तुकडे येणार, त्यापेक्षा जास्त येऊच शकत नाहीत. माझं तीस वर्षांचं कारण गेलं की हो! गणितवाल्यांनी हेही सिद्ध करून ठेवलंय की ते दोन वाकडे तुकडे, एक डावा एक उजवा, नुसते आलटून पालटून येत राहिले तर कोणीही खेळो, शेवटी हरणारच. पिशवीवाल्या टेट्रिसमध्ये तेही होऊ शकत नाही. म्हणजे हरलो तर मीच.

पहिले दोन महिने वेड लागलं होतं. डोळे मिटले की तुकडे पडताना दिसायचे. ह्यावर हार्वर्डच्या लोकांनी २००० साली अभ्यासही केलाय, ज्यांची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती गेलेली होती अशा पेशंटना त्यांनी टेट्रिस खेळवलं, त्यांना आपण खेळलो हेसुद्धा आठवत नव्हतं पण झोप लागताना तुकडे मात्र दिसत होते. माझ्या बाबतीत छोटा हत्ती भरताना खोक्यांची थप्पी बघून हात शिवशिवायचे, तो एल आकाराचा माल उलटा घातला तर बसेल, वगैरे. मग हळूहळू कळलं की माझा हात जिथे थांबलाय तिथून पुढे जात नाहीये. डोक्याला कळतं कुठे टाकायचं, अंगठा पोचत नाही. अमेरिकेत एका तेरा वर्षांच्या पोराने डिसेंबर २०२३ मध्ये निन्टेंडोचा टेट्रिस लेव्हल १५७ पर्यंत नेला आणि गेमच गोठला, म्हणजे मशीनने हात टेकले. ते बघून मी रीतसर निवृत्ती घेतली.

दुसरं म्हणजे टेट्रिस आमच्या कामाला सोयीचा नाही. ऐन रंगात आला की हमखास गाडी लागते. पॉज करून तासाभराने आलो तर हात थंड, पाच तुकड्यांत खेळ खल्लास. फोनच्या टचवर तर टेट्रिस खेळूच नका, काचेवर बोट घासून काही मजा नाही. म्हणून मी एक चायनीज रेट्रो हँडहेल्ड मागवला, नाव सांगत नाही, स्क्रीन एक नंबर पण चौथ्या महिन्यात त्याचं दिशेचं बटण तिरकं दबायला लागलं, डावीकडे न्यायला जावं तर वरचं बटण लागून तुकडा धाडकन खाली. सर्व्हिसला मेल टाकली, उत्तर अजून येतंय.

माइनस्वीपर. ह्याच्याशी माझी ओळख २००३ ची, एमएससीआयटीच्या क्लासमध्ये. सर गेले की वर्डची खिडकी खाली आणि बॉम्ब वर. गंमत म्हणजे पहिला महिनाभर आम्हाला आकड्यांचा अर्थच माहीत नव्हता, कुठेही क्लिक करायचं आणि उडालं की हसायचं, आम्हाला वाटायचं हा लॉटरीसारखा गेम आहे. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या एका ताईने एक दिवस वैतागून सांगितलं, अरे तीन म्हणजे आजूबाजूच्या आठ घरांत तीन बॉम्ब, एवढं साधं. त्या दिवशी जे डोक्यात लख्ख झालं ते अजून आठवतं.

आता नीट खेळायला लागल्यावर एकेक खुब्या कळत गेल्या. न उघडलेल्या घरांच्या सरळ भिंतीलगत १-२-१ दिसलं की दोन्ही एकांच्या समोर बॉम्ब, दोनच्या समोरचं घर बिनधास्त उघडा. १-२-२-१ दिसलं तर उलट, बॉम्ब दोन्ही दोनांसमोर. हे पाठ झालं की बोट विचाराच्या पुढे धावतं. आणि विंडोज एक्सपीपर्यंतच्या माइनस्वीपरमध्ये पहिल्या क्लिकला आपण कधीच का उडायचो नाही ते पण कळलं, बॉम्बवर पाय पडला तर गेम गुपचूप तो बॉम्ब उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. हे वाचून मला त्या गेमबद्दल जरा मायाच वाटली.

ती माया एक्स्पर्ट लेव्हलला संपली. ३० बाय १६ म्हणजे ४८० घरं, ९९ बॉम्ब, राहिली ३८१ सुरक्षित. तुम्ही वीस मिनिटं घाम गाळून ३८० बरोबर उघडता आणि शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात, एकात बॉम्ब एकात नाही, आणि कळायला काहीही मार्ग नाही. छापा की काटा. ह्यात माझी काय चूक सांगा? सप्टेंबरमध्ये तीन दिवसांत चार वेळा असंच झालं, तेव्हा फोन भिंतीवर मारायचा बाकी होता.

तेव्हा आमचा आयटीवाला मेव्हणा म्हणाला, "भावजी, सायमन टॅथमचं कलेक्शन टाका की, फुकट आहे आणि जाहिरात नाही." हा टॅथम म्हणजे पुटी नावाचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, आयटीत असाल तर माहीत असेलच. त्याच्या कलेक्शनमध्ये चाळीसएक पझल आहेत, सगळी छोटी, नेट लागत नाही, रोजच्या बक्षिसाचं आमिष नाही, काही नाही. त्यातल्या माइन्सची गंमत अशी की बोर्ड बनवतानाच तो तपासून घेतला जातो की अंदाज न मारता सुटतो की नाही, सुटत नसेल तर तसा बोर्ड तुमच्यासमोर येतच नाही. म्हणजे इथेही माझं कारण गेलं. आणि खरं सांगू, कारण गेल्यावर गेम जास्त आवडायला लागला. आता उडालो की मागे जाऊन बघतो कुठला आकडा वाचायचा राहिला, आणि तो सापडतोच.

आता सोकोबान, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहायला बसलो.

हिरोयुकी इमाबायाशी नावाच्या जपानी माणसाने हा बनवला, १९८२ मध्ये त्याच्याच थिंकिंग रॅबिट कंपनीने बाजारात आणला. सोकोबान म्हणजे जपानीत गोदाम सांभाळणारा. हे वाचून मी खुर्चीत हसत सुटलो, म्हणजे हा गेम माझ्यावरच आहे. नियम फक्त एवढेच की खोकी ठरलेल्या जागी न्यायची, ढकलता येतं पण ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच ढकलायचं. मला वाटलं पंधरा वर्षं हेच करतोय, मला काय शिकवणार. जुन्या मूळ सेटची पहिलीच लेव्हल, सहा खोकी. कमीत कमी ९७ ढकल्यांत सुटते असं म्हणतात, मला चार दिवस लागले.

ह्या गेमची जी जात आहे ना ती बाकी दोघांपेक्षा वेगळी आहे. टेट्रिसमध्ये चुकलात तर लगेच भोक दिसतं, माइनस्वीपरमध्ये चुकलात तर लगेच उडता. सोकोबान काही बोलतच नाही. तुम्ही एक खोकं भिंतीला लावता, छान वाटतं, पुढे चाळीस चाली खेळता आणि मग लक्षात येतं की ते भिंतीवरून आता कधीच सुटणार नाही, डाव तेव्हाच मेला होता, आपण मढ्याला औषध पाजत होतो. कोपऱ्यात गेलेलं खोकं तर पोरालाही कळतं, पण भिंतीलगत दोन खोकी शेजारी शेजारी आली की दोन्ही मेली, हे कळायला मला आठवडा गेला. आणि ह्याची उत्तरं शोधणं कॉम्प्युटरलाही सोपं नाही, किती जड आहे ते १९९७ मध्ये रीतसर सिद्ध करून ठेवलंय, तेवढाच मला दिलासा.

आमच्या माथाडी टोळीचे मुकादम एकदा खांद्यावरून डोकावले. गेम काय हे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही माल हलवताय. आधी जागा हलवा." मला काही कळेना. मग त्यांनी टेबलावर टेपच्या रिकाम्या रिळांची तीच लेव्हल मांडली आणि दाखवलं, जे खोकं सगळ्यात आधी जागेवर जाईल असं मला वाटत होतं ते त्यांनी मुद्दाम उलट्या बाजूला सारलं, वाट मोकळी केली, आणि बाकीची एका पाठोपाठ एक आत. गोदामात रोज हेच करतो आम्ही, आतला माल काढायचा तर बाहेरची थप्पी आधी गल्लीत घ्यायची, पण स्क्रीनवर आलं की माझी अक्कल जाते. त्या दिवसापासून मुकादम आणि मी एकाच सेटवर आहोत, ते त्यांच्या नातवाच्या फोनवर खेळतात.

नवीन असाल तर मूळ सेटला हात लावू नका, सोडून द्याल. डेव्हिड स्किनरचा मायक्रोबान सेट घ्या, १५५ लेव्हल, बऱ्याचशा एवढ्याशा की चहा होईपर्यंत सुटतात, आणि जवळपास प्रत्येक लेव्हल एकेक युक्ती शिकवते. आणि अनडू वापरा पण एक मर्यादा ठेवा. मी आधी अनडू दाबत दाबत सुरुवातीपर्यंत जायचो, त्यात विचार बंद होतो, नुसतं बोट चालतं. आता अडकलो की सरळ पहिल्यापासून.

शिवाय गाडी लागली तर फोन खिशात टाकायचा, तीन तासांनी काढला तरी खोकी जिथल्या तिथे. घाई नाही, घड्याळ नाही. एक लेव्हल तर अकरा दिवस अडली होती आणि सुटली ती कल्याणच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये बाइकवर बसल्या बसल्या, मागचा हॉर्न मारतोय आणि मला खोकं दिसतंय.

बाकी थोडं थोडं खेळून बघितलं. डॉक्टर मारिओ आणि कॉलम्स ठीक, पण टेट्रिस येत असेल तर आठवड्यात त्यांचा कंटाळा येतो, मला तरी आला. पुयो पुयो समोर माणूस असेल तरच. २०४८ दोन आठवडे चांगला, मग बोट आपोआप खाली-उजवीकडे, खाली-उजवीकडे. लेमिंग्ज फार आवडायचा पण त्याला माऊसच पाहिजे. ते रंगीत गोळ्या फोडायचे गेम मी मोजत नाही, त्यात लेव्हल सुटली तर मी सोडवली की त्यांनी सोडू दिली हेच कळत नाही.

तर सध्या हँडहेल्ड भाच्याकडे आहे, त्याला तिरकं बटण चालतं म्हणे. फोनमध्ये माइन्स आणि सोकोबान दोनच. मी मायक्रोबानच्या ११२ व्या लेव्हलवर आहे आणि मुकादम १२० वर, आणि ते ११२ कशी सोडवली विचारलं की नुसते मिशीत हसतात. उत्तर माहीत असेल तरी कृपया कोणी सांगू नका.