ग्रीन टी: पाकीट हिरवं, आतला माल तपकिरी

पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ असं ठळक छापलंय. कात्री लावली तर पानं कमी, भुगाच जास्त, तोही तपकिरी. या चहाची पानं खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात ते त्यातली पान तपकिरी करणारी एन्झाइम निकामी व्हावीत, कॅटेचिन (हीच ती चहातली अँटिऑक्सिडंट) टिकावीत म्हणून. इथे रंग बघून शंकाच आली. पाकिटाला झिपही नाही. हवा लागून उरलंसुरलंही जायचं. पहिल्या दिवशी उकळतं पाणी ओतलं (चूक माझीच), तोंड कडूजहर. मग 80 अंशांवर दोनच मिनिटं ठेवला, तेव्हा कुठे ओल्या गवतासारखा वास आला. जेवणाबरोबर घेत नाही, लोह नीट शोषलं जात नाही आणि माझं हिमोग्लोबिन आधीच रडतंय. दोन तारे, तेही त्या दुसऱ्या कपासाठी.