डिस्कला गंज आलाय म्हणून ११,२०० रुपये घेतले, आणि डिस्क तीच जुनी

गॅरेजचं नाव टाकत नाहीये, विचारू नका. पण पावसाळ्यात गाडी उभी राहिली असेल आणि ब्रेकची डिस्क (चाकामागची गोल थाळी, जिला दोन्हीकडून पॅड दाबून गाडी थांबते) नारिंगी दिसत असेल तर गॅरेजमध्ये पळण्याआधी हे वाचा.

झालं असं की जुलैत पाय मुरगळला म्हणून मी घरीच आणि गाडी महिनाभर ठाण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. गणपतीला गावी जायचं म्हणून काढली तर पुढच्या चाकांतून खर्र खर्र आवाज. अलॉयच्या फटीतून बघितलं तर डिस्क विटेसारखी लाल-नारिंगी. टरकलीच माझी. तशीच नेली जवळच्या गॅरेजमध्ये, त्याने चाकसुद्धा काढलं नाही, मोबाइलची टॉर्च मारली आणि बोलला, "दादा, डिस्क गेल्या दोन्ही. घाटात काय झालं तर मग आम्हाला बोलू नका." आता मागे बायको, पोरं, आईला घेऊन जायचं म्हटल्यावर माणूस काय बोलणार. कर बाबा म्हटलं.

हिशोब असा: दोन डिस्क ६,४००, पॅड २,१००, "अँटी रस्ट कोटिंग" १,५००, लेबर १,२००. एकूण ११,२००, कच्च्या कागदावर. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला आणि मी मूर्खासारखा नको म्हटलं. जुने पार्ट मात्र आठवणीने मागितले हां. त्याने लगेच गोणीत घालून दोन गंजलेल्या डिस्क डिकीत ठेवल्या, त्यामुळे मी एकदम निर्धास्त. चाकातून बघितलं तर डिस्क चंदेरी चकाचक.

पहिल्याच सिग्नलला ब्रेक थोडा घसरल्यासारखा वाटला आणि रंग जळल्याचा वास आला. फोन केला तर म्हणे नवीन पॅड सेट होतायत, होतं असं. यातली गोची अशी की हे अर्धं खरं आहे, नवीन पॅडला बसायला वेळ लागतोच, म्हणून मी पण गप्प बसलो.

परशुराम घाट उतरताना मात्र ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायला लागलं, स्टिअरिंगपण थरथरत होतं. आई मागून विचारतेय रस्ता खराब आहे का रे. दुसऱ्या गिअरवर हळूहळू चिपळूणला उतरवली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका काकांकडे नेली, त्यांचं वय सत्तरीला आलंय पण गाडीखाली अजून स्वतः जातात.

काकांनी चाक काढलं, डिस्कवर नख घासलं, तर नखाला चंदेरी रंग. आतल्या बाजूला, जिथे पॅड लागत नाही तिथे, रंगाखाली गंजाचे पापुद्रे तसेच. "ही नवी डिस्क? कोन बोल्ला तुमाला?" मग कडेला कोरलेला आकडा दाखवला, कमीत कमी जाडी २० एमएम. नवीन असताना ती २२ ची असते. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला तर एका ठिकाणी २०.९, थोडी फिरवून २०.७. म्हणजे त्या पठ्ठ्याने गंज काढायला हातातला ग्राइंडर फिरवलेला आणि वरून सिल्व्हर स्प्रे मारलेला, अगदी पॅड लागतो त्या जागेवरसुद्धा! जाडी कमीजास्त झाली म्हणून पेडल धडधडत होतं. पॅड तेवढे खरंच नवीन होते, पण त्यांच्यावर जळका रंग बसलेला.

मी म्हटलं पण जुन्या डिस्क त्याने मला दिल्यात की, आणि गोणी उघडली. काकांनी एक उचलली, माझ्या चाकाकडे बघितलं आणि हसायलाच लागले. माझ्या गाडीला ५ बोल्ट. गोणीतल्या डिस्कला ४ भोकं.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू, मुळात त्या डिस्कला काही झालंच नव्हतं. डिस्क बीडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते, उघडं बीड दमट हवेत एका रात्रीत लाल होतं, गाडी धुतल्यावर दोन तासांतपण होतं. रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या स्पीडला आठ-दहा वेळा हलके ब्रेक मारले की पॅडच तो गंज खरवडून काढतात. महिनाभर उभी असेल तर थोडा जास्त वेळ आवाज येईल एवढंच. त्यानंतरही आवाज गेला नाही, नखाला खड्डे लागले, कडेला जाड धार आली असेल किंवा जाडी त्या कोरलेल्या आकड्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलायची, आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम. पॅड जिथे घासतो तिथे कसलंही कोटिंग चालत नाही, तेल नाही, गंज काढायचा स्प्रे नाही, काही नाही. रंग मारायचाच तर मधल्या टोपीला आणि कडेला, बास.

माझ्या चांगल्या डिस्क मात्र ग्राइंडरने खरंच वाया गेलेल्या. लेथवर सरळ करायच्या तर २० च्या पार काठावर आल्या असत्या, म्हणून काका नको म्हणाले. नवीन मागवल्या, २,३०० ला एक, पक्क्या बिलावर, पॅडपण परत घेतले. बसवताना मी शेजारीच उभा. आधी हबवरचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज तारेच्या ब्रशने साफ केला, तो राहिला तर नवीन डिस्कपण तिरकी बसते म्हणे, मग डिस्कला कंपनीतून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. नंतर ५० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबवता, दहा वेळा ब्रेक मारायला लावले, मध्ये मध्ये गाडी नुसती पळवून डिस्क थंड करत.

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची तर काकांचं म्हणणं हँडब्रेक लावू नका, मागच्या ब्रेकचे लायनर (आत घासणारे पट्टे) चिकटतात. सपाट जागा बघायची, गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड. आणि आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून आणायची. आमच्याकडे आता ते काम मेव्हण्याकडे आहे.

ठाण्याला आल्यावर गोणी घेऊन गेलो गॅरेजवर. आधी म्हणे गडबडीत पोराने दुसऱ्या गाडीच्या दिल्या असतील. बरं मग माझ्या कुठायत? भंगारात गेल्या. मोबाइलवर मायक्रोमीटरचे फोटो दाखवले तेव्हा आवाज खाली आला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावला, त्यांनी पहिलं बिलच विचारलं, आणि माझ्याकडे तो कच्चा कागद, ज्यावर ना गॅरेजचं नाव ना गाडीचा नंबर. शेवटी तासभर भांडून ४,००० मिळाले, तेपण "तुम्ही नेहमीचे म्हणून". मी तिथे याआधी एकदाच गेलेलो, पंक्चर काढायला.

गोणी परत न्यायला तो तयार नव्हता, मग मीच त्याच्या काउंटरवर ठेवून आलो.