चाळीस हजारांत लॅपटॉप: नवाकोरा घ्यावा की कंपनीतून परत आलेला?

बारावीचे निकाल लागले की पुण्यात टिळक रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत आईवडिलांना घेऊन आलेली मुलं दिसायला लागतात. बहुतेकांचं बजेट पस्तीस ते चाळीस हजार. एवढ्या पैशांत दोन पर्याय समोर येतात. एक, खोक्यातून निघालेला, वर्षभर वॉरंटीचा नवा लॅपटॉप. दुसरा, हिंजवडी-खराडीसारख्या ठिकाणच्या कंपन्यांमध्ये तीन-चार वर्षं वापरून परत आलेला, साफसूफ करून पुन्हा विकायला ठेवलेला बिझनेस लॅपटॉप. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही नावं दुसऱ्या प्रकारातली. दुकानदार त्यांना ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात.

माझं मत आधीच सांगते. मूल घरी राहून कॉलेजला जाणार असेल आणि लॅपटॉपची पाठ उघडून बघायला न घाबरणारं कोणी घरात किंवा ओळखीत असेल, तर मी रिफर्बिश्ड घेईन. मूल होस्टेलवर राहणार असेल आणि बिघाड झाल्यावर धावपळ करणारं कोणी नसेल, तर नवा. आर्किटेक्चर किंवा थ्रीडी डिझाइन शिकणाऱ्यांनी मात्र या बजेटमध्ये यांपैकी काहीच घेऊ नये. त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, थोडं थांबून पैसे जमवलेले बरे.

‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर जाऊ नका

आय-थ्री, आय-फाइव्ह ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची नावं. रिफर्बिश्ड विकणारा पहिलं वाक्य हेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की नव्यातल्या आय-थ्रीपेक्षा हा सरसच असणार. तसं नाही. थिंकपॅड टी-४८० मध्ये सर्रास मिळणारा आय-फाइव्ह ८२५०यू हा २०१७ सालचा, आठव्या पिढीचा, चार कोअरचा (कोअर म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) प्रोसेसर आहे. नव्या स्वस्त लॅपटॉपमधला आय-थ्री १२१५यू २०२२ चा, बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. पिढी आकड्याच्या सुरुवातीवरून कळते. रोजच्या कामात हा आय-थ्री त्या आय-फाइव्हला मागे टाकतो. म्हणून रिफर्बिश्ड घ्यायचाच तर मी अकराव्या पिढीपासून पुढचा, निदान दहाव्या पिढीचा बघेन. लॅटिट्यूड ५४२० हे अकराव्या पिढीचं चांगलं उदाहरण. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर तर घेऊच नका, कितीही स्वस्त दिला तरी. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

नव्यातही नावावरून फसगत होते. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरच्या नावात सात दिसतो म्हणून तो ताजा वाटतो. त्यातली रचना झेन-२ आहे, म्हणजे मूळची २०१९ ची. ईमेल, वर्ड, यूट्यूबला तो पुरेसा आहे. पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

रॅम: माझा कल इथेच ठरतो

या किमतीतल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी) असते आणि ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. काहींत जोडीला एक मोकळा स्लॉट असतो, काहींत तोही नाही. ७५२०यूवाल्या लॅपटॉपमध्ये तर रॅम सोल्डर केलेलीच येते. मग पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. विंडोज ११, क्रोमच्या दहा-पंधरा टॅब आणि ऑनलाइन लेक्चर एवढ्यातच ८ जीबी भरत आलेली असते. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असेल आणि उद्या मोबाइल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसकट, म्हणजे पडद्यावरच्या नकली फोनसकट, चालवायचा झाला, तर १६ जीबी लागतेच.

बिझनेस लॅपटॉपमध्ये बहुतेकदा रॅमचे स्लॉट असतात. टी-४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० ची मागची प्लेट काढली की दोन स्लॉट शेजारी शेजारी दिसतात. पट्टी तिरकी सरकवायची, खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चाप खटकन बसतात. काम झालं. मात्र टी-४८०एस मध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच, म्हणून मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

नवा घेताना दुकानात एकच प्रश्न ठामपणे विचारा: “याला रॅमचा रिकामा स्लॉट आहे का?” उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथेच मोबाइलवर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून बघा.

पडदा, कीबोर्ड, दुरुस्ती

पडद्याच्या बाबतीत दोघांचीही परीक्षा घ्यावी लागते. जुन्या बिझनेस लॅपटॉपच्या काही मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चा पडदा असायचा, त्यावर कोड वाचताना सारखं वर-खाली करावं लागतं. १९२० बाय १०८० च घ्या. नव्या स्वस्तात हे रिझोल्यूशन असतं, पण रंग फिके असतात आणि जरा बाजूने पाहिलं की चित्र काळवंडतं. दुकानातल्या लखलखाटात हे कळत नाही, लॅपटॉप दाराशी नेऊन बघा.

कीबोर्डमध्ये मात्र बिझनेस लॅपटॉप उजवा आहे, यात मला शंका नाही. चार वर्षं प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायचे आहेत, बोटांना ते जाणवतं. थिंकपॅडच्या टी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत चहा सांडला तर खालून वाहून जायला भोकंही ठेवलेली असतात. दुरुस्तीचंही तसंच. लेनोवो आणि डेल या लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर देतात, आणि ही मॉडेलं कंपन्यांनी घाऊक घेतलेली असल्याने सुटे भाग मिळतात. नव्याला वर्षभर वॉरंटी असते, हा त्याचा खरा फायदा. वर्ष उलटलं की तो प्रश्न तुमचाच.

रिफर्बिश्ड पैसे देण्याआधी काय तपासायचं

नव्यात हे काहीच करावं लागत नाही, म्हणून वेळ नसणाऱ्यांनी सरळ नवा घ्यावा. वेळ असेल तर दुकानातच तासभर बसा.

आधी बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा द्या. एक फाइल तयार होते. तिच्यात ‘डिझाइन कॅपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कॅपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल, तर बॅटरीत ६० टक्के जीव उरला आहे. मग नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे दिसले तर बॅटरी बदललेली असू शकते. ती कोणत्या कंपनीची बसवली, हे विचारा. पुण्यात याचं महत्त्व जास्त, कारण महावितरणच्या देखभालीच्या गुरुवारी वीज गेली आणि त्याच दिवशी ऑनलाइन परीक्षा असली तर सगळी मदार बॅटरीवर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लॅपटॉप आधीच्या कंपनीच्या ताब्यातून खरंच सुटला आहे का. दुकानदाराला विंडोज रीसेट करायला सांगा आणि पहिल्या सेटअपच्या वेळी तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर त्या कंपनीने हा लॅपटॉप आपल्या यादीतून काढलेला नाही. तो घेऊ नका. “इंटरनेट न जोडता पुढे जा, चालतंय,” असं सांगतील, पण पुढच्या रीसेटला तेच नाव पुन्हा उभं राहणार. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरूनही बघा, तिथे पासवर्ड मागितला तरी तेच उत्तर.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडा. डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं दिसायला हवं. ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर विंडोज बहुधा जुगाड करून चालवलेली आहे. बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर सीरियल नंबर आणि दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची हे लिहून घ्या. तोंडी वॉरंटी धरायची नाही.

सेटअप घरी, स्वतःच्या हाताने

इथे नवा-जुना फरक नाही. दुकानदार आपुलकीने म्हणतो, “सगळं करून देतो, घरी जाऊन फक्त चालू करा.” नको म्हणा. विंडोज ११ पहिल्या सेटअपला मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, आणि अनेक लॅपटॉपवर त्या खात्याने लॉगिन होताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की (आकड्यांची किल्ली) त्या खात्यात जाते. खातं दुकानातलं असेल तर की दुकानात राहते.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीच्या लॅपटॉपने बायॉस अपडेट झाल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची की मागितली. सेटअप करणारा दुकानातला मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता, खातं कुठलं ते कोणालाच सांगता येईना. सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला आणि जर्नलच्या फायली गेल्या. ती रडकुंडीला आली होती. हे टाळायला एवढंच करायचं: मुलाच्या स्वतःच्या ईमेलने लॉगिन करा, की कागदावर उतरवा आणि तो कागद मार्कशीटच्या फायलीत ठेवा.

नंतर विंडोज अपडेट सगळे होऊ द्या, दोन-तीनदा रीस्टार्ट होईल. नव्यात आलेला चकटफू अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर विद्यार्थ्याला पुरतो. नव्याबरोबर ऑफिस आलं असेल तर तेही त्याच खात्याला जोडा. रिफर्बिश्डमध्ये दुकानदार क्रॅक केलेलं ऑफिस टाकून देतो, ते घेऊ नका. बऱ्याच कॉलेजांच्या ईमेलवर ऑफिस मिळतं, नाहीतर लिब्रे ऑफिस मोफत आहे. भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडलंत की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

रोजची निगा

दोघांनाही लागू, फक्त जुन्याला जरा जास्त. गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. दिवसभर चार्जरला लावलेला असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, लेनोवो आणि आसूसच्या अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसू नका. पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंग नसलं की धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. पावसाळ्यात दुचाकीवरून नेताना सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, म्हणून आत लॅपटॉपला वेगळी प्लास्टिकची पिशवी हवी. भिजलाच, तर चालू करून बघायचा मोह आवरा. चार्जर काढा, बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. रिफर्बिश्ड घेणाऱ्याने महिन्यातून एकदा लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, एवढं बघावं. फुगलेली दिसली की त्या क्षणी चार्जिंग बंद करा, वर दाबू नका, टोचू नका, आणि बदलून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.